वाचकांचे प्रश्न : जावास्क्रिप्टमधली ‘विंडो’

या महिन्यात आलेल्या पत्रांतले प्रश्न वरवर वेगवेगळे आहेत, पण बहुतेकांचं मूळ विंडो ऑब्जेक्टमध्ये आहे. ब्राउझरमध्ये हा एकच ऑब्जेक्ट दोन कामं करतो. पानावरच्या साध्या स्क्रिप्टसाठी तो ग्लोबल ऑब्जेक्ट असतो, म्हणजे वरच्या पातळीवर (कुठल्याही फंक्शनबाहेर) व्हार या शब्दाने घोषित केलेली नावं त्याच्यावर जाऊन बसतात. शिवाय प्रत्यक्ष टॅबशी बोलायचं साधनही तोच: नवी विंडो उघडणं, छापणं, आकार विचारणं, टायमर लावणं. पहिल्या कामात घोळ होतो तो नावांच्या टकरीमुळे. दुसऱ्यात अडतं, कारण ब्राउझर आपल्या कोडपेक्षा समोर बसलेल्या माणसाची बाजू घेतो, आणि ते योग्यच आहे.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत लिहायची. इनरविड्थसारख्या बहुतेक जोडनावांत पहिला शब्द छोट्या अक्षराने सुरू होतो आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं.

प्रश्न : फळांची यादी ‘नेम’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली: व्हार नेम = ['आंबा', 'फणस']. लांबी विचारली तर 2 ऐवजी 8 येते, आणि पुश करून नवं फळ जोडलं तर एरर. तोच कोड फंक्शनच्या आत टाकला की बरोबर चालतो. असं का?
– संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : कारण विंडो.नेम ही प्रॉपर्टी तुमच्या आधीपासून तिथे आहे. टॅबचं नाव ठेवण्यासाठी ती असते आणि तिच्यात फक्त स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, राहते. साध्या स्क्रिप्टमध्ये वरच्या पातळीवर व्हार नेम लिहिलं की नवं व्हेरिएबल तयार होत नाही, त्याच जुन्या प्रॉपर्टीत किंमत भरली जाते. ब्राउझर तुमच्या यादीची स्ट्रिंग करतो: 'आंबा,फणस'. ‘आंबा’चे चार कोड युनिट (आ, अनुस्वार, ब, काना), एक स्वल्पविराम आणि ‘फणस’चे तीन, असे मिळून 8. स्ट्रिंगला पुश नसतं, म्हणून पुढची एरर. फंक्शनच्या आत व्हार त्या फंक्शनपुरतं राहतं, विंडोला शिवत नाही, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालतं.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. पान रिफ्रेश केल्यावरही विंडो.नेममधली किंमत त्या टॅबमध्ये टिकते. म्हणून किंमत न देता नुसतं ‘व्हार नेम;’ लिहिलं तरी अनडिफाइन्ड येत नाही, मघाची स्ट्रिंगच येते. नवशिके इथे ‘कॅशे’ला दोष देऊन बराच वेळ घालवतात.

नेम त्यातल्या त्यात सौम्य. व्हार लोकेशन = 'पुणे' लिहून पाहा: ब्राउझर त्याच फोल्डरमधलं ‘पुणे’ नावाचं पान शोधायला निघतो आणि 404 दाखवतो, कारण लोकेशनला किंमत देणं म्हणजे तिकडे जा असं सांगणं. व्हार टॉप = 10 लिहिलं तर काहीच होत नाही, किंमत गुपचूप टाकून दिली जाते; स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे चुका खपवून न घेणाऱ्या कडक पद्धतीत, मात्र टाइपएरर येते. व्हारऐवजी लेट वापरून लेट टॉप लिहिलं तर सिंटॅक्सएरर येते आणि त्या स्क्रिप्टची एकही ओळ चालत नाही. लेट नेम मात्र चालतं, कारण लेट आणि कॉन्स्टची नावं विंडोवर बसत नाहीत, वेगळी ठेवली जातात.

एचटीएमएलमधल्या आयडींचंही ध्यानात ठेवा. एखाद्या घटकाचा आयडी ‘टोटल’ असेल तर विंडो.टोटल लिहिल्यावर तो घटक हाती येतो. तुम्ही टोटल व्हेरिएबल घोषित करायला विसरलात, तरी त्यामुळे एरर येत नाही आणि बेरजेत आकड्याऐवजी घटकच येऊन पडतो. उपाय सोपा आहे: स्क्रिप्टला टाइप म्हणून मॉड्यूल द्या (मॉड्यूलमधली नावं त्याच्यापुरतीच राहतात), कॉन्स्ट आणि लेटच वापरा, आणि विंडोचं जे काही वापराल त्याच्या आधी ‘विंडो.’ स्पष्ट लिहा. थोडी अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, पण कोड वाचणाऱ्याला कळतं की हे नाव ब्राउझरचं आहे, तुमचं नाही.

प्रश्न : स्क्रिप्टला मॉड्यूल केलं आणि सगळी बटणं बंद पडली. एचटीएमएलमध्ये ऑनक्लिकला फंक्शनचं नाव दिलं आहे, कन्सोल म्हणतो ते फंक्शन अस्तित्वातच नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : वरच्या उत्तराचीच ही दुसरी बाजू. ऑनक्लिकमध्ये लिहिलेलं नाव शेवटी ग्लोबल पातळीवर शोधलं जातं, आणि मॉड्यूलमधली फंक्शनं त्या मॉड्यूलपुरतीच असतात. एचटीएमएलमधून ऑनक्लिक काढा, बटणाला आयडी द्या आणि मॉड्यूलमध्ये अ‍ॅडइव्हेंटलिसनर लावा. जुनी पानं खूप असतील आणि आजच्या आज चालू करायची असतील तर विंडो.हिशेबकरा = हिशेबकरा अशी एक ओळ तात्पुरती पुरते. पण ती तात्पुरतीच ठेवा.

मॉड्यूल स्क्रिप्ट पानाचं एचटीएमएल वाचून झाल्यावर चालते. त्यामुळे पान उघडल्या उघडल्या घाईने क्लिक केलं तर त्या ओळीचाही उपयोग होत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती नव्या टॅबमध्ये उघडतो. बटण दाबलं की सर्व्हरकडून पावतीचा पत्ता येतो, मग विंडो.ओपन. माझ्या लॅपटॉपवर चालतं. सभासदांच्या फोनवर कधी उघडतं, कधी नाही. पॉपअप ब्लॉकर बंद करायला सांगू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, तसं सांगू नका. ब्लॉकर आपलं काम चोख करतो आहे, क्रम तुमचा चुकला आहे. माणसाने क्लिक केलं की ब्राउझर पानाला नवी विंडो उघडण्याची मुभा देतो, पण ती काही सेकंदांचीच असते, आणि सफारी याबाबत सगळ्यांत कडक. तुमच्या वायफायवर सर्व्हरचं उत्तर पटकन येतं, मुभा शिल्लक असते, टॅब उघडतो. जिन्यात उभ्या असलेल्या सभासदाच्या फोनला रेंज कमी, उत्तराला वेळ लागतो, तोवर मुभा संपते. ‘कधी चालतं, कधी नाही’चं कारण हे.

क्रम उलटा करा. क्लिकच्या फंक्शनमध्ये पहिलीच ओळ कॉन्स्ट व = विंडो.ओपन('', '_ब्लँक') अशी ठेवा. रिकामा टॅब लगेच उघडेल. त्यात व.डॉक्युमेंट.बॉडी.टेक्स्टकंटेंटला ‘पावती तयार होत आहे…’ अशी ओळ द्या, नाहीतर माणूस पांढरं पान पाहून टॅब बंद करतो. मग फेचने सर्व्हरकडे पत्ता मागा आणि तो आला की व.लोकेशन.रिप्लेसला द्या. फेच फसलं तर व.क्लोज. पत्ता येईपर्यंत सभासदाने टॅब बंद केला असेल तर व.क्लोज्ड ट्रू असतं, ते आधी तपासा.

ओपनने नल (म्हणजे ‘काहीच नाही’) परत दिलं तर विंडो अडवली गेली आहे. अशा वेळी त्याच पानावर ‘पावती उघडा’ अशी साधी लिंक दाखवा. तिच्यावरचा क्लिक हा नवा क्लिक असल्याने ती अडत नाही. इथे एक खाच आहे. तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये नोओपनर (नव्या टॅबचा मूळ पानाशी संबंध तोडणारा पर्याय) दिलं असेल तर टॅब नीट उघडूनही नलच परत येतं. मग ती तपासणी निरर्थक ठरते, आणि पुढे पत्ता भरायला ‘व’ हातात राहत नाही. पत्ता तुमच्याच साइटचा असेल तर नोओपनर लागत नाही. परक्या साइटचा असेल तर पत्ता भरण्याआधी व.ओपनर = नल करा, म्हणजे ती साइट तुमचं मूळ पान दुसरीकडे वळवू शकणार नाही. साध्या लिंकला टार्गेट म्हणून _ब्लँक दिलं की आजचे ब्राउझर ही काळजी आपोआप घेतात, विंडो.ओपनच्या बाबतीत घेत नाहीत.

एका क्लिकमध्ये दोन पावत्या उघडायचा बेत असेल तर सोडून द्या. पहिल्या ओपनने मुभा खर्ची पडते, दुसरी विंडो अडते.

प्रश्न : सराव परीक्षेचं पान केलं आहे, वेळ 60 मिनिटं. सेटइंटरव्हलने दर सेकंदाला एक वजा करतो. मुलं दुसऱ्या टॅबवर जाऊन आली की घड्याळ मागे पडलेलं असतं. काहींनी दीड तास पेपर सोडवला!
– क्लास चालवणाऱ्या शिक्षिका, लातूर

उत्तर : सेटइंटरव्हलला 1000 दिलं म्हणजे दर सेकंदाला फंक्शन चालेलच असं वचन मिळत नाही. ‘त्याच्या आधी नको’ एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी वाचवण्यासाठी ब्राउझर लपलेल्या टॅबचे टायमर सेकंदाला एकदा इतके मंदावतात. 2021 सालच्या क्रोम 88 पासून आणखी कडक नियम आला: टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेला आणि आवाज न करणारा असेल, तर असे टायमर मिनिटाला एकदाच तपासले जातात. हिशेब करा. मुलगा अर्धा तास दुसऱ्या टॅबवर होता. पहिल्या पाच मिनिटांत सुमारे 300 वेळा वजाबाकी झाली, पुढच्या 25 मिनिटांत जेमतेम 25 वेळा. अर्ध्या तासात तुमच्या घड्याळाची साडेपाच मिनिटंही सरली नाहीत. फोन लॉक केला तर पान पुरतं गोठू शकतं.

म्हणून टायमरकडून मोजणी करून घेऊ नका, फक्त आकडा रंगवून घ्या. पेपर सुरू होताना शेवटची वेळ ठरवा: शेवट = डेट.नाऊ() + 3600000. दर ठोक्याला शेवट वजा डेट.नाऊ() करून उरलेले मिलिसेकंद काढा, शून्याच्या खाली जाऊ देऊ नका आणि मिनिट-सेकंद दाखवा. ठोके चुकले तरी आकडा चुकत नाही. डॉक्युमेंटवर व्हिजिबिलिटीचेंज हा इव्हेंट ऐका, म्हणजे मूल परत आलं की आकडा लगेच ताजा होईल. वेळ संपली असेल तर पेपर तिथेच जमा करा. शेवट सेशनस्टोरेजमध्येही ठेवा, नाहीतर रिफ्रेश केलं की पुन्हा पूर्ण तास मिळेल.

हे सगळं झालं तरी अंतिम शब्द सर्व्हरचाच हवा. फोनचं घड्याळ मागे करणं कुणालाही जमतं आणि डेट.नाऊ त्याच घड्याळावर चालतं. पेपर सुरू केव्हा झाला आणि उत्तरं केव्हा आली हे सर्व्हरवर नोंदवा, उशिरा आलेली उत्तरं तिथेच नाकारा. पानावरचं घड्याळ मुलांच्या सोयीसाठी आहे, त्याला पहारेकरी समजू नका.

कुणी टायमरने महिनाभरानंतरची आठवण लावू पाहत असेल तर तेही सांगून ठेवते: सेटटाइमआउटची कमाल मर्यादा 2147483647 मिलिसेकंद, म्हणजे 24.8 दिवस. त्यापुढचा आकडा दिला तर ब्राउझर थांबत नाही, फंक्शन जवळजवळ लगेच चालवतो.

प्रश्न : फोनवर विंडो.इनरविड्थ 980 येते. एवढा रुंद फोन कुठे असतो?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिला आहे. तो नसला की फोनचा ब्राउझर पान डेस्कटॉपसाठीचं समजून 980 पिक्सेल रुंदीत मांडतो आणि लहान करून दाखवतो. टॅगमध्ये रुंदी डिव्हाइस-विड्थ द्या, आकडा ताळ्यावर येईल. डेस्कटॉपवर इनरविड्थमध्ये स्क्रोलबारचीही रुंदी धरलेली असते. मजकुराला खरोखर किती जागा मिळते ते हवं असेल तर डॉक्युमेंटएलिमेंटची क्लायंटविड्थ वाचा.

प्रश्न : बिलासाठी मुक्ता फॉन्ट वापरतो. विंडो.प्रिंट केलं की पहिल्या वेळी मराठी मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये छापला जातो, दुसऱ्या वेळी बरोबर. डॉक्युमेंट.फॉन्ट्स.लोड लावून पाहिलं, फरक नाही.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही उपायाच्या अगदी जवळ पोहोचला आहात. गूगल फॉन्ट्सवरून येणारा मुक्ता एका फाइलमध्ये येत नाही. देवनागरीचा तुकडा वेगळा, रोमन अक्षरांचा वेगळा, आणि लागेल तोच उतरवला जातो. फॉन्ट्स.लोडला दुसरं आर्ग्युमेंट दिलं नाही तर ते एक रिकामी जागा, म्हणजे स्पेस, एवढाच मजकूर गृहीत धरतं. स्पेस रोमन तुकड्यात असते. तो तुकडा उतरतो, लोडने दिलेलं प्रॉमिस (काम झाल्याचं कळवणारा ऑब्जेक्ट) पूर्ण होतं आणि देवनागरी मागेच राहते. दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये ‘अ’ किंवा बिलातलाच थोडा मजकूर द्या. बिलात ठळक अक्षरं असतील तर त्या वजनासाठी वेगळी हाक मारा, कारण ठळक मुक्ताची फाइल निराळी असते.

क्रम असा ठेवा: आधी बिलाचा मजकूर पानात घाला, मग साध्या आणि ठळक दोन्ही फॉन्टच्या लोडसाठी थांबा, दुकानाचा लोगो असेल तर त्या चित्राच्या डीकोडसाठी थांबा, शेवटी विंडो.प्रिंट. सेटटाइमआउटमध्ये 500 घालून वाट पाहणारे खूप आहेत. गिऱ्हाइकांच्या गर्दीत नेट मंदावलं की ते 500 अपुरे पडतात. ‘छापा’ हे बटण कागदावर येऊ नये म्हणून प्रिंटच्या मीडिया क्वेरीत ते लपवा.

प्रश्न : अर्ज अर्धवट सोडून जाणाऱ्याला ‘तुमची माहिती जतन झालेली नाही’ असा मराठी संदेश दाखवायचा आहे. बीफोरअनलोड (पान सोडतानाचा इव्हेंट) यात लिहिला, पण ब्राउझर स्वतःचाच मजकूर दाखवतो.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : तो मजकूर आता बदलता येत नाही. फसव्या साइट या जागेत भीती घालणारे संदेश लिहून लोकांना अडकवून ठेवत, म्हणून ब्राउझरांनी पानाचा मजकूर दाखवणं बंद केलं. क्रोमने ते 2016 मध्ये केलं. तुमच्या हाती उरतं ते इव्हेंट.प्रिव्हेंटडीफॉल्ट म्हणून विचारायला सांगणं. जुन्या क्रोमसाठी रिटर्नव्हॅल्यूलाही किंमत द्या. माणसाने पानावर एकदाही क्लिक किंवा टाइप केलं नसेल तर प्रश्न विचारलाच जात नाही. अर्जात बदल झाला तेव्हाच हा लिसनर लावा आणि जतन झाल्यावर काढून टाका.

फोनवर यावर भिस्त ठेवू नका. लोक पान बंद करत नाहीत, दुसरं अ‍ॅप उघडतात, आणि मागचं पान सिस्टीम केव्हाही मारून टाकते. व्हिजिबिलिटीचेंजमध्ये पान लपलं की तोवरचा मसुदा लोकलस्टोरेजमध्ये जेसन.स्ट्रिंगिफाय करून ठेवा. पुढच्या वेळी ‘मागचा अर्ज पुढे सुरू करायचा का?’ हे तुमच्याच पानावर, तुमच्याच मराठीत विचारता येईल. सायबर कॅफेतल्या किंवा सेतू केंद्रातल्या संगणकावर अर्ज भरले जात असतील तर मात्र आधार, बँक खातं असल्या गोष्टी त्या मसुद्यात ठेवू नका. पुढे येणाऱ्या माणसाला त्या दिसतील.

प्रश्न : नेक्स्ट जेएस या फ्रेमवर्कमध्ये ‘विंडो इज नॉट डिफाइन्ड’ अशी एरर येते. इफ (विंडो) लावूनही तीच एरर.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तो कोड आधी सर्व्हरवर नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालतो, तिथे विंडो नसते. नसलेल्या नावाचा इफमध्ये उल्लेख करणं हीच एरर आहे. टाइपऑफ विंडो विचारलं तर येत नाही. तरी रेंडरच्या मध्येच ही तपासणी करून वेगळा मजकूर दाखवू नका. सर्व्हरचं एचटीएमएल आणि ब्राउझरमधला पहिला रेंडर जुळले नाहीत की हायड्रेशनची, म्हणजे सर्व्हरचं एचटीएमएल ब्राउझरमध्ये जिवंत करण्याच्या टप्प्याची, तक्रार सुरू होते. विंडोला हात लावणारा कोड यूजइफेक्टमध्ये ठेवा, तो फक्त ब्राउझरमध्ये चालतो.

प्रश्न : संस्थेच्या साइटवर आमचाच देणगी अर्ज आयफ्रेममध्ये (पानातल्या पानाच्या चौकटीत) आहे, पण सबडोमेन वेगळं. फ्रेमची उंची आतल्या मजकुराएवढी करायला गेलो तर सिक्युरिटीएरर.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट, तिन्ही मिळून. सबडोमेन बदललं की होस्ट बदलला, मग मालक एकच असला तरी बाहेरच्या पानाला आतलं डॉक्युमेंट वाचता येत नाही. हा नियम नसता तर कुठलंही पान तुमच्या बँकेचं पान फ्रेममध्ये घालून शिल्लक वाचू शकलं असतं. परवानगी आहे ती निरोप पाठवण्याची, पोस्टमेसेजने.

आतल्या पानाने विंडो.पेरेंट.पोस्टमेसेज वापरून उंची पाठवावी, आणि दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये बाहेरच्या साइटचं ओरिजिन पूर्ण लिहावं, तारकाचिन्ह (*) नको. बाहेरच्या पानाने मेसेज इव्हेंट ऐकताना दोन गोष्टी तपासाव्यात: इव्हेंट.ओरिजिन अर्जाच्या ओरिजिनशी तंतोतंत जुळतं का, आणि इव्हेंट.सोर्स हीच त्या फ्रेमची कंटेंटविंडो आहे का. इन्क्लूड्स लावून अर्धवट जुळवू नका. तुमचं नाव मधे घालून कुणीही डोमेन घेऊ शकतो. तुलना करताना शेवटी तिरकी रेघ लिहिली तर कधीच जुळणार नाही, कारण इव्हेंट.ओरिजिनमध्ये ती नसते. सगळं बरोबर दिसूनही निरोप पोचत नसेल तर पहिल्यांदा तीच पाहा.

उंची मोजताना डॉक्युमेंटएलिमेंटची स्क्रोलहाइट घेतली तर फ्रेम वाढते पण पुन्हा आकसत नाही, कारण ती किंमत फ्रेमच्या सध्याच्या उंचीखाली उतरत नाही. अर्जाभोवती एक डिव्ह ठेवा, त्यावर रिसाइझऑब्झर्व्हर लावा आणि त्या डिव्हची उंची पाठवा. पॅनचा रकाना उघडला-मिटला की फ्रेमही त्याबरोबर वाढेल आणि कमी होईल.